गोंदलेलं नाव

सुचिताच्या मोबाईलवर रोज एक जुनापुराणा इंग्रजी शब्द अर्थासकट यायचा. त्यातला 'हॅरिडन', म्हणजे खाष्ट म्हातारी, तिनं खास सासूसाठी राखून ठेवला. मनकर्णाबाईंनी भाजीला नावं ठेवली की ती गोड हसून त्यांना हॅरिडन म्हणायची. अर्थ विचारल्यावर तिनं "घरची लक्ष्मी" असं ठोकून दिलं, आणि म्हातारी ते नाव गल्लीभर मिरवत सुटली. आज मोहगावच्या यात्रेहून येताच सासूनं पदर सारून हात पुढं केला. सुजलेल्या कातडीवर तोच शब्द हिरवागार गोंदलेला होता. "तू ठेवलेलं नाव होय, माय!" सुचितानं खोबरेलाची वाटी आणली. खोबरेल लावताना ती अक्षरंच पुसू लागली. "अवं, थे पुसल्या जात नाही," सासू हसली. "मेल्यावर सोनंनाणं इथंच राहाते, गोंदणच तेवढं संगं येते. देवानं विचारलं, 'कोण वं तू?' त हेच दाखवीन."