अर्ध्या कोर्टातल्या आजी

"आजी, तुम्ही चार वर्षं शाळेच्या बास्केटबॉल संघात होता आणि एकदाही बास्केट टाकली नाही, हे खरं?"

टेसाने विचारून टाकलं! मागच्या टेबलावर तिच्या संघातल्या ब्रिन आणि केली एकमेकींच्या बाहीत तोंड खुपसून खिदळल्या. पैज त्यांचीच होती. "तुझी छातीच होणार नाही," म्हणे.

आर्लीस आजींनी दालचिनीचा गोड रोल चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्यात बुडवला आणि सावकाश खाल्ला. शाळेच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळचं गावजेवण कोर्टाच्या कडेलाच मांडलं होतं.

"एकदाही नाही. परवानगीच नव्हती."

"म्हणजे?"

"आयोवा राज्यात तेव्हा मुलींचा खेळच वेगळा. संघातल्या तिघी त्या अर्ध्यात, तिघी या अर्ध्यात. मधली रेघ ओलांडायची नाही. त्यांनी टाकायचं, आम्ही अडवायचं. मुलींना फार पळवलं तर धाप लागेल म्हणे! घरी सोयाबीनच्या रांगांमधून दिवसभर तण उपटत फिरायचो, तेव्हा कुणाला आमच्या धापेची काळजी नव्हती."

टेसा हसली, पण तिची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली. बास्केटबॉलमध्ये शाळेसाठी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची नावं होती तिथे. उन्हाळ्यानंतर ही शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होणार. म्हणजे उद्या फळीवर सगळ्यात वर जे नाव चढेल, ते कायमचं. आणि ते टेसा व्होसचं असू शकत होतं! बाबा गावभर सांगून बसले होते.

पण प्रशिक्षक मघाशीच म्हणाले होते, "समोरच्या संघाच्या मॅडी ग्रोटला कुणी रोखलं तरच आपण जिंकू. तू रोखशील. पण मग टाकायला पायात जोर उरणार नाही. जेवण संपेपर्यंत सांग."

"तुमचं नाव कुठेच नाही आजी. वाईट नाही वाटत?"

"चल," म्हणत आजी उठल्या. बूट काढून कडेला ठेवले. टेसानेही काढले. त्या लाकडी कोर्टावर बाहेरचे बूट घेऊन खुद्द मुख्याध्यापकही जात नसत. "हा घे बॉल. जा मला चुकवून पुढे."

बिचारी आजी, जरा जपूनच, टेसाला वाटलं. ती डावीकडे गेली. आजी तिथे. उजवीकडे गेली. तिथेही आजीच! हात पसरलेले, गुडघे वाकलेले, पायात मोजे, आणि अंगाला बोटसुद्धा लावत नव्हत्या. टेसाने मान एकीकडे टाकली, खांदा दुसरीकडे. आजी ढिम्म.

"मान खोटं बोलते गं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "खांदेही खोटं बोलतात. मी पोटाकडे बघते."

मागे सरता सरता टेसा कोपऱ्यात सापडली आणि तिच्याच पायावर आपटून बॉल रेघेबाहेर गेला. हातातले चमचे वाजवत सगळा हॉल ओरडला. ब्रिन तर टेबलावरच चढली.

"वाईट कशाला वाटेल?" आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पलीकडच्या गावांतल्या कितीतरी चांगल्या चांगल्या पोरी मी रिकाम्या हातांनी घरी धाडल्यात. त्याची मजा तुला काय सांगू!"

टेसा मोज्यांवरच घसरत आई-बाबांच्या टेबलाशी गेली.

"काय गं, आजीने खाल्लं तुला?" बाबा हसत म्हणाले. "उद्या असं करू नकोस हं."

"बाबा, आई, ऐका. उद्या मी मॅडी ग्रोटला रोखणार. पूर्ण सामना. बास्केट ब्रिन टाकेल."

आईने चमचा खाली ठेवला. बाबांची मान आपोआप भिंतीकडे वळली. "अगं, पण ती फळी..."

"राहू दे तिथे कुणाचंही नाव. आणि बाबा, उद्या मला नका बघू. मॅडीला बघा, कशी रिकाम्या हातांनी घरी जाते ते."