पुसट नावं

आखातातल्या गाला भागातल्या वर्कशॉपात एकनाथ सकाळपासून लेसर मशीनशी झटत होता. लेन्स पुसली, टेबल केसभर वर घेतलं, केसभर खाली घेतलं. तरी ट्रॉफ्यांना लावायच्या पितळी पट्ट्यांवर नावं पुसटच उमटत होती. खराब पट्ट्यांनी डबा भरला, कोरी एकच उरली, आणि बाहेरून अर्बाब, म्हणजे मालक, घाई करत ओरडला, "एकनाथ, यल्ला!"

"बदरूभाई, बघा हो, आता तरी फोकस जमला का?" त्यानं काकुळतीला येऊन ड्रायव्हर बदरुद्दीनला विचारलं.

बदरुद्दीननं डब्यात हात घातला आणि एकेक पट्टी काढून नावं घडाघडा वाचली. "सगळ्याच झकास आहेत की रे! टाकल्यास कशाला?"

 

लेन्स पुसायच्या फडक्यानं एकनाथ गेल्याच महिन्यात केलेला नवा चष्मा पुसत राहिला, पुसतच राहिला.