साधं की महागडं

“साधंच भरा,” मुलगी म्हणाली.

पंपवाल्याने नळी हातात तशीच धरली आणि खिडकीतून पलीकडच्या सीटवरच्या तिच्या बाबांकडे पाहिलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. “काय उस्ताद, आम्हाला सगळ्यांना महागडं भरायला लावता, आणि स्वतःच्या हातच्या गाडीला साधं?”

“हिला खात्री करून घ्यायचीये,” उस्ताद म्हणाले. “घेऊ दे एकदा.”

मागच्या चिंचोळ्या सीटवर गाडीचा मालक गुडघे दुमडून बसला होता. तो दातांचा डॉक्टर. गाडी जुनी, दोन दारांची, वाऱ्यासारखी पळणारी. परवा तो तिला डोंगररस्त्यावरच्या शर्यतीत उतरवणार होता. आठ दिवस खपून बापलेकीने तिचं इंजिन बांधलं होतं. ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते टायमिंग आज सकाळी उस्तादांनी लावलं होतं, नेहमीसारखं नुसत्या कानाने. डॉक्टरचा प्रश्न एकच होता: ते जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल खरंच लागतं का?

“बाप एक सांगतो, लेक दुसरं. मी करू काय, ताई? माझे पेशंटसुद्धा निदान एकाच दाताकडे बोट दाखवतात.”

कोणी हसलं नाही. मुलीचा पाय क्लचवर सारखा वरखाली होत होता. टाकी तिने मुद्दाम रिकामी करून आणली होती.

जन्मभर बाबांनी गिऱ्हाइकांना उलटंच सांगितलं होतं. गरज नसलेल्या इंजिनाला महागडं पाजणं म्हणजे धडधाकट माणसाला औषध देणं, असं ते म्हणत. ती सात वर्षांची असताना त्यांनी तिला स्टुलावर उभं करून उघड्या बॉनेटशी कान लावायला शिकवलं होतं. “ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल आपलं आपण पेटलं, की इंजिन तक्रार करतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं वाजतं. वाजलं तर महागडं भरायचं, ते दाब सोसतं, घाई करत नाही. वाजलं नाही तर साधं उत्तम. समजलं? आता तू सांग.” ती सांगायची. चुकली तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

आणि वर्षभरापूर्वी अचानक त्यांचा सूर फिरला. शाळेतल्या बाईंची छोटी गाडी असो नाहीतर स्टँडवरची टॅक्सी, सगळ्यांना एकच उत्तर, महागडं भरा. का म्हणून विचारलं की चिडायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली, उस्तादांना पंपाकडून काहीतरी मिळतंय म्हणे. असं बोलणाऱ्या दोघांशी ती तावातावाने भांडली होती. घरी येईपर्यंत तोच संशय तिच्याही मनात शिरला होता, आणि तो काही केल्या निघत नव्हता.

मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजने तिला नोकरी देऊ केली होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आज साध्यावर ही गाडी मुकाट चढली, तर बाबा वर्षभर लोकांना फसवत होते हे नक्की होणार होतं. आणि मग सोमवारचं उत्तरही.

पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ लागला. तिने गिअर मुद्दाम चौथाच ठेवला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

क्षणभर काहीच नाही. मग आलं. बारीक, कोरडं. डब्यातले खडे.

तिच्या कानशिलांना चटका बसला. बाबांचंच खरं होतं! हरल्याचा इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता. आता ते तिरकं काहीतरी बोलतील, बोलू देत, हवं तेवढं बोलू देत. ती वाट पाहू लागली. अर्धा चढ संपला. आवाज वाढला. उस्ताद डॅशबोर्डवर तळवा टेकवून बसले होते. त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, तिच्या चेहऱ्यावर होती.

“चढतेय की मस्त,” ते म्हणाले. “जिंकलीस तू. साधं पुरतंय हिला.”

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा करताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलायचा. तो हलला नव्हता.

“काका,” मागून डॉक्टर पुढे झुकला, “हे काय खडखडतंय हो?”

 उस्ताद मुलीकडेच पाहत राहिले, उत्तर येत नसलेल्या पोराने शेजारच्या पाटीकडे पाहावं तसे.

तिने पाय उचलला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

“साधं चालणार नाही हिला,” ती डॉक्टरला म्हणाली. “उस्ताद पहिल्यापासून सांगत होते तेच बरोबर. टायमिंगही थोडं मागे घ्यावं लागेल, ते मी घेते. तुम्ही जरा पाय मोकळे करून या.”

सीट पुढे ढकलून डॉक्टर कसाबसा बाहेर पडला. तो लांब जाईपर्यंत दोघंही समोरच्या काचेकडे बघत राहिली.

“कधीपासून, बाबा?”

“वर्ष झालं असेल.” त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. “माणसं बोलतात ते कळतं. बारीक आवाज गेले.”

“मला सांगायचं नाही?”

त्यांनी समोरच्या बॉनेटवर नजर टेकवली.

“महागडं भरा असं कोणीही सांगेल, बाळा,” ते म्हणाले. “साधं भरा म्हणायला कान लागतात.”