हुंकार

देशोदेशीची गाणी ताडून पाहणारा गोरा साहेब आवाज धरणारं यंत्र घेऊन कर्जतजवळच्या ठाकरवाडीत आला. म्हातारा धाऊ काशाच्या थाळीत मेणानं काडी उभी करतो, ती बोटांनी ओढत गातो, असं त्यानं ऐकलं होतं. “कुणी मेल्याबिगर थाळी वाजवत नाय,” धाऊ म्हणाला. साहेबानं यंत्रावर आपल्या मुलखातलं गाणं लावलं. बाईचा आवाज होता. “कोण ही?” “माझी आई. गेली. तेव्हा मी इकडे, तुमच्या देशात होतो.” धाऊनं थाळी पुढ्यात घेतली. “हुंकार तू भर. घरच्याच माणसानं भरायचा.” धाऊ मेलेल्याच्या वाटेची कथा गात राहिला आणि साहेब प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणत राहिला. शेवटी त्यानं डोळे पुसून विचारलं, “तुला काय देऊ?” धाऊनं यंत्राकडं बोट केलं. “यात तुझा हुंकार ठेवून जा. माझ्यासाठी थाळी वाजंल तवा घरचं कुणी नाय.”