न हलणारा ठिपका

"प्रोफे, तो आजही तिथंच आहे," ओतिलिया म्हणाली. तिच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

दुर्बिणीचा घुमट नुकताच मिटला होता. खाली एल्कीच्या दरीत सकाळचं ऊन उतरत होतं, द्राक्षमळ्यात कुणी शीळ घालत होतं. प्रोफेसर फाकुंदोंनी पावावर अवोकाडो फासता फासता पडद्याकडे पाहिलं. ताऱ्यांच्या गर्दीत एक ठिपका. काल होता तिथंच, फक्त कालच्यापेक्षा उजळ.

"तारा असेल."

"नकाशात तिथं तारा नाही."

"मग परक्या सूर्याकडून भरकटत आलेला दगडही नाही. आधीचे असले पाहुणे कसे सरसर सरकत गेले! हा तर ढिम्म."

"तिरपं जाणारं सरकताना दिसतं, प्रोफे. सरळ आपल्यावरच येणारं सरकत नाही. नुसतं उजळत जातं. आणि हा इतक्या झपाट्यानं उजळतोय... आपल्या सूर्याच्या दावणीला बांधलेलं काहीच इतकं धावत नाही. हा बाहेरचाच आहे."

सुरी पावावरच थांबली.

ओतिलियानं फोन उचलला. "आईला सांगते, आंपारोला आज शाळेत धाडू नको."

"आणि लेकीला ठेवशील कुठं? पलंगाखाली?"

ती रडायलाच लागली. तसे प्रोफेसर खुर्ची ओढून जवळ बसले.

"अगं वेडे, कॅमेरा केवढा जुना झालाय आपला! त्यातला उजेड टिपणारा एखादा कण बिघडला, की प्रत्येक फोटोत त्याच जागी उजेड सांडतो. जसा जास्त बिघडेल तसा जास्त उजळ. आपण दुर्बीण रोज एकाच जागी रोखतो, मग डागही आकाशात एकाच जागी दिसणार. तरुणपणी मी असल्याच एका डागाला नवा तारा समजून बायकोचं नाव दिलं होतं. अजून जेवायला वाढताना ऐकवते."

ओतिलिया रडता रडता हसली. "डागच असेल ना, प्रोफे?"

"डागच. तुझ्या त्या हवाईच्या मित्राला विचार. तिकडे अजून रात्र आहे."

"मघाशीच निरोप धाडलाय. आकाशातल्या त्याच जागेवर दुर्बीण वळवायला सांगितलंय."

तेवढ्यात फोन वाजला. हवाईच्या वेधशाळेतला काइपो. तिनं फोन दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"पाहिलं गं बाई," काइपोनं जांभई दिली. "आकाश धुतल्यासारखं लख्ख आहे. नवीन काहीसुद्धा नाही."

ओतिलियानं डोळे मिटले. आंपारोची ओली वेणी, पाठीवरचं दप्तर, शाळेकडे वळणारी पायवाट, सगळं जिथल्या तिथं परत आलं.

"जीव भांड्यात पडला रे," ती म्हणाली. प्रोफेसरांनी पावाचा मोठा घास घेतला.

"झोप आता निवांत," काइपो म्हणाला. "आम्हीही रोज तिथला फोटो घेतोच. त्या जागी आमच्या कॅमेऱ्याचा एक डाग आहे तेवढा. रोज उजळत चाललाय लेकाचा, आम्ही रोज फोटोतून पुसून टाकतो."