तांबडीचं कडक अंडं

"कालवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या टाकू नकोस गं, कुटून कोंबड्यांना घाल. नाहीतर पाय जातील त्यांचे," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी नुसतं हसले. अंगणात रांगणाऱ्या लेकीच्या तळहाताला एखादी कपची लागली तर? मी सगळ्या शिंपल्या लांब नेऊन टाकल्या. अंडी तर छान, कडक कवचाची येत होती.

मग एका सकाळी आमची तांबडी खुराड्यातून उठलीच नाही. पाय पसरून पडली होती, आणि पोटाखाली तसंच कडक, ऊबदार अंडं.

गुरांच्या डॉक्टरांनी तिचे पाय चाचपले. "खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही, की कोंबडी स्वतःच्या हाडांतलं काढून कवचाला देते. अंड्याकडे बघून काही कळत नाही."

त्यांनी दिलेलं औषध सासूबाई थेंब थेंब तिच्या चोचीत सोडायच्या. "पी बाये. थोडे दिवस अंडं नको देऊस, आमचं काही अडत नाही."

शेवटी तांबडी लटपटत उभी राहिली. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी हसत वळले, तर सासूबाई जमिनीवरून उठत होत्या. एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा गुडघ्यावर. "चला, भाकऱ्या भाजायच्यात."

भाकरी रोज गरमच ताटात यायची. म्हणून मी कधी काही विचारलंच नव्हतं.

तुमच्याही घरी जी कुणी रोज वेळेवर गरम वाढते, ती उठताना कशाला धरते, तेवढं आज बघून या.