आळशाची साक्ष

“खोटं तेव्हा बोललात, की आत्ता बोलताय?” न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

दोन्हींपैकी कुठलंच उत्तर देदेईला परवडणारं नव्हतं.

घानाच्या देदेईचं लग्न पोर्तुगालच्या ओरासियोशी झालं, त्याच्या आधारावर ती लंडनमध्ये राहिली. पुढे घटस्फोट झाला. नियम असा, की घटस्फोटाच्या वेळी युरोपातला नवरा इथे कामावर असेल, तरच बायकोला कायमचं राहता येतं. देदेईचा अर्ज गृहखात्यानं फेटाळला. कारण घटस्फोटाच्या कागदात तिनंच सहीनिशी लिहिलं होतं, ‘नवरा महाआळशी. दिवसभर सोफ्यावर लोळतो. कामाचं नाव नाही.’ आता हे अपील. हरली तर घानाला परत, अक्राचं विमान.

खरं तर ओरासियो बेकरीत राबायचा. इतका, की देदेईचा मामा गेला तेव्हाही त्यानं रजा काढली नाही. अंत्यविधीला हॉलमध्ये काळ्या-तांबड्या सुतकी कपड्यांत अडीचशे माणसं जमली आणि जावयाची खुर्ची रिकामी! संसार मोडला तो त्या खुर्चीपायी. पण कागद भरायला बसली कोर्कोर मावशी. गोतावळ्यातल्या चार मुलींचे घटस्फोट तिनं पार पाडले होते. ती म्हणाली, “कामसू नवरा नको म्हणून लिहिलंस, तर कोर्ट तुलाच वेड्यात काढेल, पोरी. आळशी लिही. आळशाची बाजू कोण्णी घेत नाही.”

“तेव्हा, मॅडम,” देदेई म्हणाली. “तेव्हा खोटं बोलले. तो रोज कामावर जायचा. मावशीनं सांगितलं म्हणून मी...”

मागच्या बाकावर मावशी एकाएकी छताचं निरीक्षण करू लागली.

“पुरावा?” सरकारी वकील गोड हसला. पुरावा होता ओरासियोकडे. सुनावणीची तारीख घालून देदेईनं त्याला तीन पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फुगलेली पिशवी, नाकावर राग. ओरासियो!

“मॅडम, मी हिचा आधीचा नवरा. ही बाई खोटारडी आहे!”

“अवश्य बोलू द्या यांना,” वकील लगबगीनं म्हणाला.

“मी आळशी? मी?” ओरासियोनं पिशवी टेबलावर उपडी केली. मालकाचं पत्र. अकरा वर्षांच्या पगाराच्या स्लिपा. घटस्फोटाच्या आठवड्याचीसुद्धा. “ताप आला तरी गेलोय मी कामावर. सोफ्यावर म्हणे! सोफा बघायला तरी मिळाला का मला? लिहून घ्या मॅडम, खोटारडी!”

“लिहिलं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्लिपा एकेक करून चाळल्या आणि वकिलाकडे पाहिलं. “तुम्हाला काही विचारायचंय?”

वकिलाला काहीच विचारायचं नव्हतं. अपील मंजूर झालं.

बाहेर मावशीचा आनंद ओढणीत मावेना. “काल फोन केला मी त्या शहाण्याला! म्हटलं, उद्या भर कोर्टात तुला आळशी ठरवणार आहेत. आला की नाही धावत? पुरुषाला उपकार कर म्हणू नये गं, त्याची अब्रू जातेय म्हणावं.”

देदेईनं त्याला लिफ्टपाशी गाठलं.

“रागानं का होईना, आलास. वाचले मी.”

“तुझी मावशी खूश असेल.”

“तिला वाटतंय, तिनं तुला बनवलं.”

“वाटू दे,” ओरासियो म्हणाला. लिफ्ट आली. तो आत शिरला आणि बटण दाबून वळला. “मावशींचा फोन काल आला. आमच्या बेकरीत रजा महिनाभर आधी मागावी लागते.”